अमेरिकेतले चेक आणि मंगोल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिकागोजवळच्या एका ग्रंथालयात दर वर्षी फेब्रुवारी ते एप्रिल मी शनिवारी सकाळी बसते. बेताची मिळकत असलेल्या लोकांचे कराचे फॉर्म फुकट भरून द्यायचे, एवढंच काम. गेल्या काही वर्षांत टेबलापलीकडे मंगोल कुटुंबं बरीच दिसू लागली. माझ्या शेजारच्या टेबलावर बसून फॉर्म भरणारे आजोबा तिसऱ्या पिढीतले चेक. या दोघांबद्दल मी आपल्या माणसांत इतकी बोलत असते की तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. ते इथे उत्तरांसह लिहून काढले आहेत.

मुळात चेक आणि मंगोल यांची तुलना कशाला? एक युरोपातले, दुसरे आशियातले.

वाटतं तितकी ही वडाची साल पिंपळाला लावलेली नाही. दोन्ही देशांना समुद्र नाही. दोन्ही शतकानुशतकं मोठ्या साम्राज्यांच्या सावलीत राहिले: चेक ऑस्ट्रियाच्या, मंगोल चीनच्या छिंग बादशाहीच्या. विसाव्या शतकात दोघेही मॉस्कोच्या छत्राखाली गेले आणि एकाच हिवाळ्यात त्यातून बाहेर पडले. प्रागचे रस्ते नोव्हेंबर १९८९ मध्ये भरले, उलानबातरमधला पहिला जाहीर निषेध त्यानंतर महिनाभरातच, १० डिसेंबरला झाला.

फरक आहे तो अमेरिकेत पोचण्याच्या वेळेचा. चेक लोक मोठ्या संख्येने १८५० नंतर आले, मंगोल १९९० नंतर. म्हणून आजच्या चेक-अमेरिकन घराची आजच्या मंगोल घराशी तुलना केली की निष्कर्ष आधीच ठरलेला असतो. तुलना करायची तर घड्याळं जुळवून घ्यावीत. १८८५ चा चेक विडीवाला, म्हणजे सिगारवाला, आणि २०१० ची मंगोल हॉटेल कामगार यांना शेजारी बसवलं की बरंच काही दिसतं. पुढची बहुतेक उत्तरं याच हिशेबाने दिली आहेत.

अमेरिकेत चेक किती आणि मंगोल किती?

२००० च्या जनगणनेत सुमारे साडेबारा लाख लोकांनी आपलं मूळ 'चेक' असं लिहिलं होतं. आणखी साडेचार लाखांच्या आसपास लोकांनी 'चेकोस्लोव्हाक' लिहिलं. मंगोल २०१० मध्ये अठरा हजारांच्या घरात होते, २०१९ च्या सुमारास सत्तावीस हजार.

हे आकडे एका तराजूत घालू नका. चेक मोजले जातात ते 'तुमचे पूर्वज कुठले?' या प्रश्नावरून. पणजीच्या हातचा कोलाच, म्हणजे चेक गोड पाव, आठवतो म्हणून 'चेक' लिहिणारे त्यात लाखोंनी आहेत. मंगोल मोजले जातात ते वंशाच्या प्रश्नात, 'आशियाई' या रकान्याखाली. पहिल्या गटातले बहुतेक जण अमेरिकेतच जन्मलेले, दुसऱ्यातले बहुतेक विमानातून उतरलेले. सरासरी उत्पन्नाचे तक्ते पाहताना निम्मा घोळ इथेच होतो.

चेक लोक आपला देश सोडून का निघाले?

तुरळक लोक फार आधी आले होते. प्रागचा ऑगस्टिन हेर्मन सतराव्या शतकात मेरीलँडमध्ये जमीनदार झाला होता. व्हर्जिनिया आणि मेरीलँडचा त्याने केलेला नकाशा १६७३ मध्ये छापला गेला, आणि त्या मोबदल्यात मिळालेल्या जमिनीला त्याने 'बोहेमिया', म्हणजे चेक प्रदेशाचंच जुनं नाव, दिलं. पण लोंढा सुरू झाला तो १८४८ च्या फसलेल्या उठावानंतर. वाटण्या होऊन होऊन जमिनीचे तुकडे झाले होते, ऑस्ट्रियाच्या सैन्यात सक्तीची भरती होती, आणि टेक्सासहून आलेली पत्रं गावोगाव वाचली जात होती. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर जमीन जवळजवळ फुकट मिळू लागली तेव्हा नेब्रास्का आणि आयोवाकडे कुटुंबंच्या कुटुंबं निघाली. नेब्रास्कातलं विल्बर, आयोवातलं सीडर रॅपिड्स, टेक्सासमधलं वेस्ट ही त्यांची गावं. (वेस्ट हे गावाचंच नाव आहे, दिशा नव्हे. मीही फसले होते.)

१९२४ च्या कायद्याने दार जवळजवळ बंद झालं: सगळ्या चेकोस्लोव्हाकियासाठी वर्षाला ३,०७३ जागा. त्यानंतर १९४८ च्या कम्युनिस्ट सत्तांतरानंतर आणि १९६८ च्या सोव्हिएत आक्रमणानंतर निर्वासितांच्या दोन लाटा आल्या. त्यातली माणसं शहरी, शिकलेली आणि राजकीय कारणाने निघालेली होती. पुढे परराष्ट्रमंत्री झालेल्या मॅडलिन ऑलब्राइट १९४८ मध्ये अकरा वर्षांच्या असताना आल्या त्या यातल्याच पहिल्या लाटेबरोबर.

आणि मंगोल?

१९९० पर्यंत मंगोलियाचं अर्थकारण सोव्हिएत मदतीवर चालत होतं. ती एकदम आटली. कारखाने बंद पडले, पगार थांबले, दुकानांत रेशनवरसुद्धा माल मिळेना. त्यात 'झुद' आला. उन्हाळ्यात दुष्काळ आणि पाठोपाठ असा हिवाळा की बर्फाखालचा चारा जनावरांना काढता येत नाही आणि ती उभ्या उभ्या मरतात, याला मंगोल भाषेत झुद म्हणतात. १९९९ ते २००२ असे सलग हिवाळे आले, पुन्हा २००९-१० मध्ये आला. एकट्या २००९-१० च्या झुदमध्ये ऐंशी लाखांहून अधिक जनावरं गेली. गुरं गेलेली कुटुंबं उलानबातरच्या कडेला तंबू, म्हणजे गेर, ठोकून राहू लागली. देशाची जवळपास निम्मी लोकसंख्या आज त्या एका शहरात आहे.

अमेरिकेला आलेले मात्र बहुतेक त्या तंबूवस्तीतले नव्हते. तिकिटाचे पैसे जमवू शकणारा शहरी वर्ग आला: शिक्षक, हिशेबनीस, इंजिनिअर. कोणी विद्यार्थी व्हिसावर, कोणी ग्रीन कार्डाच्या लॉटरीतून, कोणी फिरायला म्हणून येऊन राहिलेले. हातावर पोट असलेल्यांनी जवळची वाट धरली. परदेशातल्या मंगोलांची सर्वांत मोठी संख्या आजही दक्षिण कोरियात आहे.

कल्मिक म्हणजे कोण? तेही मंगोलच ना?

हो, आणि अमेरिकेतला सर्वांत जुना मंगोल समाज त्यांचाच. कल्मिक हे व्होल्गाच्या खोऱ्यात सतराव्या शतकात जाऊन वसलेले पश्चिम मंगोल, धर्माने बौद्ध. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांच्यातली काही शे कुटुंबं जर्मनीतल्या निर्वासित छावण्यांत अडकली. अमेरिका त्यांना घेईना, कारण ते आशियाई वंशाचे आणि तेव्हाचा कायदा आशियाई लोकांना नको म्हणणारा. १९५१ मध्ये एका कल्मिक जोडप्याच्या प्रकरणात निर्णय झाला की कल्मिक शतकानुशतकं युरोपात राहिले आहेत, तेव्हा कायद्यापुरते ते 'गोरे'. मग ते न्यू जर्सीतल्या हॉवेल परिसरात आणि फिलाडेल्फियात आले.

हे वाचताना मला १९२३ चा भगतसिंग थिंद यांचा खटला आठवतो. त्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीय माणूस 'गोरा' नाही असं ठरवलं आणि पुढे अनेकांचं मिळालेलं नागरिकत्व काढून घेतलं गेलं. बोहेमियातल्या खाणकामगाराला हा प्रश्न कोणी विचारला नाही. त्याला 'बोहंक' म्हणून हिणवलं असेल, पण नागरिक होण्याच्या रांगेत तो उभा राहू शकत होता. चेक आणि मंगोल यांच्या वाटचालीत आर्थिक फरकाइतकाच हा फरकही मोठा आहे.

पहिल्या पिढीतले चेक खरोखर गरीब होते का? आज तर ते नीटनेटक्या उपनगरांत दिसतात.

गरीब होते, आणि नुसते गरीब नव्हते, ज्या घरात राहत त्याच घरात राबत होते. १८७०-८० च्या दशकात न्यूयॉर्कच्या ईस्ट साइडला हजारो चेक कुटुंबं घरी बसून सिगार वळायची. कुटना होराजवळच्या सेडलेत्सच्या सरकारी तंबाखू कारखान्यातून शिकून आलेल्या बायका त्यात पुढे होत्या. सिगारचा मालक हाच घराचा मालक. भाडं मजुरीतून कापून घ्यायचा, आणि काम सोडलं की घर सुटलं. अंथरुणाशेजारी तंबाखूचे ढीग आणि पानाच्या शिरा सोलणारी पोरं. आपल्याकडे सिन्नर-संगमनेरला किंवा सोलापुरात विड्या वळणाऱ्या बायका ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना याहून जास्त सांगायला नको.

राज्याने या घरकामावर बंदी घालणारा कायदा केला. १८८५ मध्ये न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने तो रद्द केला. माणसाने आपल्या घरात काय काम करावं यात सरकारने पडू नये, असं न्यायालयाचं म्हणणं. घर त्या माणसाचं नव्हतंच, ही गोष्ट निकालात कुठे बसली नाही.

शिकागोतले चेक लाकडाच्या वखारीत, कत्तलखान्यात, शिलाईच्या कारखान्यात होते. पुढे शेजारच्या सिसेरो गावातल्या वेस्टर्न इलेक्ट्रिकमध्ये टेलिफोनची यंत्रं जोडायला लागले. २४ जुलै १९१५ ला त्याच कंपनीची सहल घेऊन निघायची 'ईस्टलँड' बोट शिकागो नदीत धक्क्याला बांधलेली असतानाच उलटली. ८४४ माणसं गेली. बहुतेक कामगार आणि त्यांच्या घरचे, त्यात चेक फार. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या आजोबांच्या घरी अजूनही जुलैत कोणी बोटीत बसत नाही.

मग ते वर आले कसे?

माझ्या मते पतपेढ्यांनी. हे उत्तर फार जणांना नीरस वाटतं, पण कागदपत्रं तेच सांगतात.

१८५४ मध्ये सेंट लुईसला काही चेक लोकांनी एक साहाय्यक मंडळी काढली, चेक-स्लाव्ह साहाय्यक संघ. महिन्याची वर्गणी द्यायची आणि सदस्य मेला तर त्याच्या बायकोला रक्कम मिळायची. शाखा गावोगाव पसरल्या. त्याच्याच जोडीला घरबांधणीच्या बचत संस्था आल्या: दर आठवड्याला गुत्त्यामागच्या खोलीत जमायचं, आपल्या हिश्शाचं नाणं भरायचं, वहीत नोंद करून घ्यायची, आणि पुरेसं साठलं की संस्थेकडूनच घरासाठी कर्ज. कर्ज देणारा आणि घेणारा एकमेकांना ओळखायचे, त्यामुळे बुडवणाऱ्याला लाज वाटायची. आपल्या भिशीचाच मोठा भाऊ. विटांची छोटी दुमजली घरं, वर मालक आणि खाली भाडेकरू, अशी शिकागोच्या बाविसाव्या रस्त्याने सरकत सरकत सिसेरो आणि बर्विनपर्यंत गेली.

त्या रस्त्याला आज 'सर्मॅक रोड' म्हणतात. मूळ आडनाव चेर्माक. आंतोन चेर्माक १८७३ मध्ये क्लाद्नोला जन्मला, तान्हा असताना आईबापांबरोबर आला, इलिनॉयच्या कोळसाखाणीत राबला, शिकागोत घोडागाडीतून जळाऊ लाकूड विकलं आणि १९३१ मध्ये शहराचा महापौर झाला. विरोधकाने त्याच्या गाडीवरून आणि परक्या नावावरून टवाळी केली होती. १५ फेब्रुवारी १९३३ ला मायामीत रूझवेल्ट यांच्यावर झाडलेली गोळी त्याला लागली, ६ मार्चला तो गेला.

वर येण्याचं श्रेय जमिनीलाही आहेच. टेक्सास-नेब्रास्कातल्या शेतकऱ्याने जमीन घेतली ती सोडली नाही. पण आणखी एक गोष्ट बोलायची राहून जाते: १९४५ नंतरची तीस वर्षं. कारखान्यांत युनियनचे पगार, सैनिकांना घरकर्ज आणि कॉलेजची फी. चेक नातवंडं नेमकी त्या काळात वयात आली. कष्ट मंगोलही तेवढेच करतात, पण त्यांच्या वाट्याला तो काळ आला नाही.

मंगोल लोक एवढे शिकलेले, तरी त्यांच्यात गरिबी कशी?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो. २०१९ च्या आकडेवारीत अमेरिकेतल्या आशियाई गटांपैकी सर्वाधिक दारिद्र्य मंगोल आणि बर्मी लोकांत होतं, दोन्हीकडे सुमारे २५%. भारतीयांत ते ६% होतं, सर्वांत कमी. पण बर्मी निर्वासितांत शिक्षण कमी आहे. मंगोलांत निम्म्याहून कितीतरी अधिक प्रौढ पदवीधर आहेत. तक्त्यात पदवी वर आणि गरिबीही वर, असं क्वचित दिसतं.

घोडं पेंड खातं ते तीन-चार ठिकाणी. १९९० च्या आधी शिकलेल्यांची परदेशी भाषा रशियन होती. त्यांच्या पदव्या उलानबातरच्या, इर्कुत्स्कच्या, मॉस्कोच्या, काहींच्या चक्क प्रागच्या. इंग्रजी इथे येऊन शिकायची. डॉक्टर, वकील, हिशेबनीस यांना परवाना हवा, त्यासाठी परीक्षा, त्यासाठी दोन वर्षं बिनपगारी अभ्यास. तो कोण करणार? दुसरं, बरेच जण विद्यार्थी व्हिसावर असतात. कागदोपत्री त्यांची मिळकत जवळजवळ शून्य दिसते, फी मात्र पूर्ण भरावी लागते. तिसरं, आपल्या लोकांना आधी आलेले काका-मामा होते, टीसीएस-इन्फोसिसची वाट होती, संगणकाची नोकरी व्हिसासकट मिळत होती. मंगोलांना अशी कोणी वाट आखून दिली नव्हती.

मागच्या मार्चमधली गोष्ट. चाळिशीतली एक बाई फॉर्म घेऊन आली. सकाळी हॉटेलच्या खोल्या आवरते, संध्याकाळी एका म्हाताऱ्या बाईंची काळजी घेते. मी आकडे टाकत होते, ती उलट्या बाजूने कागद वाचत होती. म्हणाली, सतराव्या ओळीत तुम्ही वजाबाकी चुकवली आहे. खरंच चुकली होती. तिकडे ती एका कारखान्याची हिशेब तपासनीस होती.

मंगोल लोक इथे नेमकी कामं काय करतात?

हॉटेलची साफसफाई, उपाहारगृहं, बांधकाम, घर हलवून देणं, वृद्धांची आणि मुलांची देखभाल. शिकागोकडे ट्रक चालवणारे पुष्कळ. ट्रकचं आकर्षण समजण्यासारखं आहे: परवाना काही आठवड्यांत मिळतो, इंग्रजी २०२५ पर्यंत तरी बेताचं चालायचं, आणि पैसे हॉटेलच्या दुप्पट. पहिल्यांदा पगारी चालक, मग स्वतःचा ट्रक कर्जाने, मग भावाला दुसरा. डिझेल वाढलं आणि मालाचे दर पडले की हप्ता थकतो. फॉर्म भरताना अशी वर्षं एका नजरेत कळतात.

हे लोक अमेरिकेत कुठे कुठे राहतात?

चेक: शिकागो, क्लीव्हलंड, टेक्सास, नेब्रास्का, आयोवा. मंगोल: व्हर्जिनियातलं आर्लिंग्टन, कोलोरॅडोतलं डेन्व्हर, शिकागो, लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को-ओकलंड. डेन्व्हर आणि उलानबातर ही २००१ पासून भगिनी शहरं आहेत. दोन्हीकडे कोरडी थंडी आणि क्षितिजावर डोंगर, म्हणून डेन्व्हरला आपण घरीच आहोत असं वाटतं म्हणे. आर्लिंग्टनच्या सरकारी शाळांत तर घरी मंगोल बोलणारी मुलं इतकी आहेत की शाळेची पत्रकं मंगोलमध्येही निघतात.

मंगोल कुटुंबात सगळ्यांची आडनावं वेगळी का असतात?

कारण ती आडनावं नसतातच. १९२० च्या दशकात कम्युनिस्ट सरकारने कुळनावं बंद केली. तेव्हापासून माणसाचं स्वतःचं नाव आणि त्याआधी बापाचं नाव, एवढंच. समजा आजोबा दोर्ज, त्यांचा मुलगा बोल्ड, त्याचा मुलगा बात. अमेरिकन फॉर्मवर बापाचं 'आडनाव' दोर्ज होतं आणि मुलाचं बोल्ड. आईचं तिच्या वडिलांचं. तिघांचं घर, तीन आडनावं. शाळेत, दवाखान्यात, विमानतळावर 'हे मूल तुमचंच का?' हे ठरलेलं. ज्यांचं मधलं नाव पासपोर्टने कधी आडनावात, कधी पहिल्या नावात ढकललं आहे त्या मराठी माणसाला हे दुःख सांगायला नको. कुळनावांना १९९० नंतर पुन्हा परवानगी मिळाली तेव्हा असंख्य लोकांनी चंगीझ खानाचं 'बोर्जिगिन' हेच कूळ निवडलं. आपल्याकडे शहाण्णव कुळींत बसायची धडपड असते, तसंच काहीसं.

चेक बायकांचं वेगळंच. तिकडे मुलीच्या आणि बायकोच्या आडनावाला 'ओव्हा' लागतं, म्हणजे बाप नव्राटिल तर मुलगी नव्राटिलोव्हा. अमेरिकेत आल्यावर पहिल्या पिढीनेच हे शेपूट कापलं. चेकियातही, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातही, २०२२ पासून ते लावायचं की नाही हे बाईच्या मर्जीवर आहे.

जाता जाता: उलानबातरमधलं 'बातर' आणि आपलं 'बहादूर' हे एकाच शब्दाचे दोन वंशज. 'मुघल' तर सरळच मंगोल.

धर्माचं काय? देऊळ-चर्च समाजाला एकत्र ठेवतं का?

चेकांच्या बाबतीत उलट झालं, धर्म सोडणाऱ्यांनीच संस्था उभारल्या. १८७७ मध्ये शिकागोत एका चेक बाईने मरण्याआधी चर्चमध्ये पापांचा कबुलीजबाब दिला नव्हता म्हणून कॅथलिक पाद्र्यांनी तिच्या दफनाला जागा नाकारली. संतापलेल्या लोकांनी वर्गण्या काढून स्वतःची दफनभूमी केली, बोहेमियन नॅशनल सेमेटरी. चेर्माक तिथेच आहे, ईस्टलँडचे शंभराहून अधिक बळीही तिथेच. टेक्सासचे चेक मात्र कट्टर कॅथलिक राहिले. शूलनबर्गच्या आसपासची त्यांची आतून रंगवलेली चर्चं पाहायला बसगाड्या जातात.

मंगोलियात १९३० च्या दशकात मठ पाडले गेले आणि हजारो भिक्षू मारले गेले. त्यामुळे येणाऱ्या पिढीला बौद्ध धर्म आजीच्या आठवणीतूनच माहीत. इथे काही जण लामांकडे वळले, काही मंगोल भाषेत प्रार्थना होणाऱ्या चर्चमध्ये. समाज खऱ्या अर्थाने जमतो तो जुलैतल्या नादामला, कुस्ती आणि तिरंदाजी बघायला, आणि त्सगान सारला, म्हणजे चांद्र नववर्षाला. तेव्हा घरोघरी शेकड्याने 'बूझ' वळले जातात. मटण भरलेले, वाफवलेले, कळ्या पाडलेले. एकीने मला डबा दिला तेव्हा मी तिला उकडीच्या मोदकाचा फोटो दाखवला. तिला वाटलं आम्हीही बूझच करतो.

'मंगोलियन बीफ' आणि 'मंगोलियन बार्बेक्यू' त्यांचंच ना?

नाही. पहिला अमेरिकेतल्या चिनी हॉटेलांचा पदार्थ, दुसरा तैवानमध्ये जन्मला. चेकांचा 'कोलाच' मात्र अस्सल. टेक्सासमध्ये सॉसेज भरलेल्या पावाला लोक कोलाच म्हणतात, त्याचं खरं नाव क्लोबास्निक. हे तिथल्या चेक आजीसमोर चुकवू नका.

मुलांना भाषा येते का?

चेकांनी ऐंशी वर्षं टिकवली. शिकागोत 'स्वोर्नोस्त' हे चेक दैनिक १८७५ पासून निघत होतं. दोन महायुद्धं झाली, इंग्रजी शाळा आल्या आणि नातवंडांपर्यंत उरली ती शिव्या, प्रार्थना आणि खाण्याचे शब्द. मंगोलांच्या शनिवार-रविवारच्या शाळा आहेत. तिथे मुलं आधी सिरिलिक लिपी शिकतात, क्वचित उभी जुनी लिपीही. आपल्या इथल्या मराठी शाळांत दिसतं तेच चित्र: आठव्या वर्षापर्यंत रांगा, तेराव्या वर्षी बहाणे. फक्त फोनवर रोज आजी दिसते, ही सोय १८८५ मध्ये नव्हती. त्याने किती फरक पडतो ते आणखी वीस वर्षांनी कळेल.

चेकियात मंगोल लोक राहतात असं ऐकलं. खरं आहे?

खरं आहे, आणि या सगळ्या प्रकरणातला मला सर्वांत जवळचा भाग हाच. १९८० च्या दशकात दोन सरकारांच्या करारांनी मंगोल कामगार चेकोस्लोव्हाकियाच्या कापड आणि चामड्याच्या कारखान्यांत यायचे, विद्यार्थी विद्यापीठांत. १९८९ नंतर करार संपले, बहुतेकांना परत पाठवलं. २००५ च्या पुढे चेक कारखान्यांना हात कमी पडू लागले तेव्हा ते पुन्हा आले, आता दलालाला पैसे मोजून. २००८ मध्ये ही संख्या आठ हजारांच्या वर गेली होती. मोटारींचे सुटे भाग, मांस, शिलाई. राहण्याचा परवाना नोकरीला बांधलेला, म्हणजे नोकरी गेली की परवाना धोक्यात. न्यूयॉर्कच्या सिगारवाल्याचं घर नोकरीला बांधलेलं होतं, हे आठवतं ना?

मग मंदी आली. सर्वांत आधी मंगोल आणि व्हिएतनामी कामगार बाहेर पडले. २००९ मध्ये चेक सरकारने योजना काढली: परत जायला तयार असाल तर विमानाचं तिकीट आणि प्रौढ माणसाला ५०० युरो. घेणाऱ्यांत बहुसंख्य मंगोल होते. पुढे दिवस पालटले, कारखान्यांना पुन्हा माणसं हवी झाली आणि आज तिथे दहा हजारांच्या वर मंगोल आहेत.

त्यांच्या मोठ्या वस्त्यांतली एक प्ल्झेन शहरात आहे. शिकागोच्या पिल्सन वस्तीचं नाव त्याच शहरावरून पडलं. त्या शहरातून दीडशे वर्षांपूर्वी माणसं पोटापाण्यासाठी बाहेर पडत होती, आज तिथे बाहेरून येतात. चेक माणसाला आता अमेरिकेला यायचं कारणच फारसं उरलेलं नाही. २००८ पासून त्याला फिरायला यायला व्हिसा लागत नाही. मंगोल माणसाला लागतो.

उलट दिशेनेही एक प्रवास झाला आहे. प्राग प्राणिसंग्रहालयाने २०११ पासून चेक लष्कराच्या विमानांतून मंगोलियात प्रझेवाल्स्की जातीचे रानघोडे नेऊन सोडले. घोड्यांना परवाना लागला की नाही, माहीत नाही.

परत जाण्याचा विचार कोण जास्त करतं?

मंगोल. घरी पैसे पाठवणं, उलानबातरमध्ये हप्त्यावर फ्लॅट घेणं, 'मुलगा बारावी झाला की' असं म्हणणं, सगळं आपल्यासारखंच. अडचण कायद्याची. मंगोलिया दुहेरी नागरिकत्व मानत नाही. अमेरिकन पासपोर्ट घेतला की तिकडचा सोडायचा, आणि आपल्याला जसं ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड, मिळतं तसा मधला मार्ग नाही. चेकियाने २०१४ पासून दुहेरी नागरिकत्वाला मोकळीक दिली आहे. पणजोबांचे कागद शोधत फिरणारे चेक-अमेरिकन हल्ली बरेच भेटतात, त्यांना युरोपचा पासपोर्ट हवा असतो.

भारताशी या दोघांचा काही संबंध?

चेकांचा संबंध आपल्या पायातच होता. बाटा ही झ्लिनची चेक कंपनी. संस्थापक तोमाश बाट्या १९०४ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या लिन गावी कारखान्यात कामगार म्हणून राबून यंत्रं शिकला आणि परत गेला. कंपनीने १९३० च्या दशकात कोलकात्याजवळ बाटानगर वसवलं, १९३९ मध्ये मेरीलँडमधल्या बेलकँपला कारखाना. पाचवीत शाळेचे काळे बूट घेतले तेव्हा बाटा आपल्याकडचंच, अशी माझी ठाम समजूत होती.

मंगोलांचा संबंध मठांतून. न्यू जर्सीच्या कल्मिकांसाठी १९५५ मध्ये आलेले गेशे वांग्याल ल्हासात शिकलेले आणि कालिंपोंगला राहिलेले होते. अमेरिकेतल्या तिबेटी बौद्ध अभ्यासाची सुरुवात बरीचशी त्यांच्या शिष्यांनी केली. १९७२ मध्ये फिलाडेल्फियात कल्मिक घरात जन्मलेला एक मुलगा लहानपणीच कर्नाटकातल्या मुंडगोडच्या मठात शिकायला गेला आणि पुढे तेलो तुल्कू रिन्पोछे म्हणून रशियातल्या कल्मिकियाचा मुख्य लामा झाला. मुंडगोड म्हणजे हुबळीच्या खाली, बेळगावहून सकाळी निघालं तर जेवायला पोचता येतं. आणि १९९० ते २००० भारताचे मंगोलियातले राजदूत लडाखचे कुशोक बकुला रिन्पोछे होते, राजदूत कमी आणि गुरू जास्त.

शिकागोला आलो तर हे सगळं पाहता येईल का?

येईल. पिल्सनमध्ये अठराव्या रस्त्यावर १८९२ चं थालिया हॉल आहे, दगडी कमानीचं. आसपास आता मेक्सिकन वस्ती. भिंतीभर रंगीत चित्रं, टाको, आणि वरच्या कोरीव पट्टीवर अधूनमधून एखादं चेक नाव. तिथून उत्तरेला बोहेमियन नॅशनल सेमेटरीत जा. आत अस्थी ठेवायच्या इमारतीत भिंतभर काचेचे कप्पे आहेत. कलशाशेजारी फोटो, चष्मा, कधी छोटा झेंडा. बाहेर मागच्या बाजूला नव्या कबरी आहेत. गेल्या शरदात तिथे आजोबांबरोबर गेले होते. त्यांच्या घरच्या दगडापासून चार-पाच ओळींवर एका नव्या दगडावर सिरिलिक अक्षरं दिसली. रशियन असेल, म्हणून ते पुढे निघाले. मी वाकून वाचलं. शेवटी 'बातर' होतं.